मानवी पडताळणी केली आहे

आमच्या शाळेला कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जबाबदार वापराबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं आहे. सोनेरी किनार, गोल शिक्का, खाली दोन सह्या. मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर ते लावलंय, आणि पाहुणा आला की सर त्याला मुद्दाम समोरच्या खुर्चीवर बसवतात, म्हणजे त्याची नजर दुसरीकडे जायला नको. त्यातलं निम्मं श्रेय माझं आहे. फुशारकी म्हणून नाही सांगत. झालेल्या चोरीतला आपला वाटा कबूल करावा, तसं सांगते आहे.

मी मराठी शिकवते. जिवतीच्या डोंगरातल्या एका निवासी शाळेत मला बारा वर्षं झाली. माझा जन्म ऊर्जानगरच्या क्वार्टरमधला, वडील वीज केंद्रात. आमच्या कॉलनीत सगळीकडचे लोक होते, आणि आईला कुणीतरी सांगून ठेवलं होतं की मुलांची भाषा सुधारली की मुलं सुधारतात. त्यामुळे तोंडातून 'मले' निघालं की चिमटा बसायचा. त्या चिमट्यांवर मी एम.ए. झाले, बी.एड. झाले आणि नाकानं कांदे सोलत डोंगरात आले. आमच्या मुली घरी गोंडी बोलतात, बाजारात मले-तुले बोलतात आणि माझ्या तासाला गप्प बसतात. त्या गप्प बसण्याला मी बारा वर्षं शिस्त समजत होते. गोंडीतले मला अजून दहा-बारा शब्द येतात, त्यातले निम्मे भाज्यांचे.

दिवाळीनंतर आम्हाला प्रशिक्षणाला चंद्रपूरला बोलावलं. विषय होता शाळेत एआयचा जबाबदार वापर. हॉल मोठा, पंखे तीन, शिक्षक भरमसाट. सांगणारा माणूस पडद्यावरचं वाचून दाखवत होता. मुलांची खासगी माहिती मशीनला देऊ नका. मशीन सांगेल ते खरं धरून चालू नका. मशीनची मदत घेतली असेल तर तसं लिहा. आणि शेवटी माणसानं स्वतः तपासा, त्याला त्यांनी नाव दिलं होतं मानवी पडताळणी. तत्त्वं चांगली होती. आजही मला त्यात खोट सापडत नाही. फक्त एका पानाच्या तळाशी 'तुम्हाला हवं असल्यास मी हे आणखी सोपं करून देऊ शकतो' असं एक वाक्य राहून गेलं होतं, आणि त्या माणसानं तेही आमच्याकडे बघत गंभीरपणे वाचलं. ते वाक्य कुणाचं, हे ज्यांना कळलं ते हसले. मीही हसले. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले असेन.

त्या दिवशी प्रत्येक शाळेला एक काम दिलं. विद्यार्थ्यांकडून आपल्या गावाबद्दल लिहून घ्यायचं, एआयच्या मदतीनं ते नीटनेटकं करायचं आणि पुस्तिका छापायची. शेवटच्या पानावर 'मानवी पडताळणी केली आहे' असं छापून खाली जबाबदार शिक्षकाची सही. चांगल्या पुस्तिकांना प्रशस्तिपत्र.

आता आमच्या शाळेचं सांगते. मुलींकडे फोन नाहीत, ठेवायची परवानगीच नाही. शाळेत नेटवर्क नाही. ते घाटाच्या दुसऱ्या वळणावर येतं, तिथे एक दगड आहे, त्यावर उभं राहिलं की दोन कांड्या दिसतात. तरीही वसतिगृहाच्या भिंतीवर 'विद्यार्थिनींनो, एआयचा वापर जबाबदारीने करा' असा फलक लागला. सगळ्या शाळेत एआय वापरत होतो आम्ही सात शिक्षक. पाठाचं टाचण, अहवाल, निरोपसमारंभाची भाषणं, सगळं त्या दगडावर उभं राहून. आमच्यासाठी फलक कुणी लावला नाही.

मी नववीच्या मुलींना लिहायला बसवलं. त्यात एक मुलगी होती, मागच्या बाकावरची. तिच्या घरातली नववीपर्यंत आलेली ती पहिलीच. वडील तिला सुट्टीनंतर पायी सोडायला यायचे, डोंगर उतरून दोन तास. माझ्यासमोर उभे राहून दर वेळी एकच विचारायचे, "दहावी होईन न बाई?" मी म्हणायची, होईल की. तिचे काका-मामा म्हणायचे, पोरीला एवढं शिकवून काय करायचं आहे. वडील त्यांना म्हणायचे, बाई हो म्हणतात. माझ्या होकारावर त्यांनी गावात भांडणं घेतली होती, हे मला फार उशिरा कळलं.

त्या मुलीनं लिहून दिलेला कागद अजून माझ्याकडे आहे. अक्षर मोठं, ओळी वर चढत गेलेल्या.

'आमचं गाव लहान आहे. माझा बाप सात देवाचा आहे. माझी माय सहा देवाच्या घरून आली. देव वेगळे म्हणून लगन झालं. देव एक असले त भाऊबहीण होते. लगन होत नाही. माझा आजा देवाचं सांगते. सगळं सांगत नाही. मी पण सगळं लिहित नाही.'

एवढंच. मी लाल पेनानं 'लगन'ला गोल केला, 'त'ला गोल केला, 'माय'खाली रेघ ओढली, 'सांगते'चं 'सांगतो' केलं. वर शेरा दिला, 'फार त्रोटक. विस्तार कर.' मी तो कागद चुका शोधायला वाचला होता. मजकूर वाचलाच नव्हता. मराठीच्या बाईनं असं म्हणावं याची लाज वाटते, पण वाटून उपयोग काय?

विस्तार तिनं केला नाही. मग मशीननं केला. एका शनिवारी दुपारी मी घाटातल्या दगडावर बसले आणि तेवीस मुलींचे कागद एकेक करून फोनमध्ये घातले, 'शुद्ध, ओघवत्या मराठीत दीड पानाचा निबंध करून दे' असं सांगून. पाच-सहा सेकंदांत एक निबंध. तिचा आला तो असा होता, तोंडपाठ आहे मला:

'हिरव्यागार डोंगरांच्या कुशीत वसलेलं माझं गाव म्हणजे जणू निसर्गाचा ठेवाच. माझे आई-बाबा दोघेही सहा देवांच्या एकाच परंपरेत वाढले, म्हणूनच त्यांचा संसार इतका एकरूप आहे. माझे आजोबा मला नेहमी सांगतात, ज्यांचे देव एक, त्यांची मनं एक.'

काय छान वाटलं होतं मला ते! 'ज्यांचे देव एक, त्यांची मनं एक.' मी ते दगडावर बसून दोनदा मोठ्यानं वाचलं. वेगळे देव असले म्हणून लग्न, हे त्या मशीनला खटकलं असणार. जगातल्या सगळ्या गोड निबंधांत वेगळं ते शेवटी एक होतं, म्हणून त्यानंही ते एक करून टाकलं. मी तरी काय वेगळी होते? बारा वर्षं मीही तेच करत आले होते, फक्त लाल पेनानं आणि हळूहळू.

पुस्तिका छापायला गडचांदूरच्या एका छापखान्यात दिली. मालक मुस्लिम गृहस्थ, बापापासूनचा धंदा, मुख्यतः लग्नपत्रिकांचा. माझ्या हातात कच्ची छापील पानं देऊन ते म्हणाले, "मॅडम, एकदा घरी नेऊन वाचून घ्या. ज्या पोरींचं आहे त्यांनाबी दाखवा. आम्ही पत्रिका छापतो न, नाव आन् नातं दोनदा वाचल्याबिगर मशीनवर चढवत नाही. बाकी कुछ भी गलत हुआ तो चलता है, रिश्ता गलत नहीं होना." मी हसून म्हटलं, "भाऊ, हे सगळं तपासून झालंय." त्यांनी तरीही पानं पिशवीत घातली. त्यांच्या आग्रहाखातर मी ती मुलींना वाटली, एका तासापुरती.

तास संपला. सगळ्या गेल्या, ती मागे राहिली. पान हातात धरून माझ्या टेबलाशी आली.

"बाई, हे माह्या घरचं नाई."

"माझ्या. माह्या नाही, माझ्या."

"माझ्या घरचं नाई. आमी सात देवाचे जी. माय सहाची. इथी दोघायले सहा करून टाकलं."

मला स्टाफरूमला जायचं होतं. पानं संध्याकाळच्या बसनं परत पाठवायची होती. आणि खरं सांगायचं तर मला राग आला होता. एवढा सुंदर निबंध तिच्या नावावर आयता पडला होता आणि ही त्यात आकडे काढत होती.

"सहा काय नि सात काय," मी म्हटलं, "देव काय हजेरी घेतात का? वाक्य किती छान झालंय बघ."

ती म्हणाली, "आजानं असं नाई म्हटलं जी." मी तिच्या हातातून पान घेतलं आणि गठ्ठ्यात ठेवलं. ती गेली. ज्याला मानवी पडताळणी म्हणतात ती त्या दोन मिनिटांत झाली होती. आमच्या सगळ्या शाळेत ती तिनं एकटीनं केली होती, आणि मी तिला 'माझ्या' म्हणायला शिकवून परत पाठवलं. त्याच संध्याकाळी मी शेवटच्या पानावर सही केली.

पुस्तिकेचं प्रकाशन जानेवारीत झालं, हार-नारळ-फोटो सगळं. प्रशस्तिपत्रही तिथेच जाहीर झालं. प्रत्येक मुलीला घरी न्यायला दोन प्रती दिल्या. एका प्रतीचं पुढे काय झालं ते नंतर कळलं. तिच्या मामाच्या गावचा कॉलेजात जाणारा एक जण होता, त्यानं ती आठवडी बाजारात चहाच्या टपरीवर मोठ्यानं वाचली. मामा तिथेच उभे होते.

सुट्टीला घरी गेलेली ती पुढच्या सोमवारी शाळेत आली नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी मी जेवणघरात मावशींना विचारलं. आमच्या स्वयंपाकीण मावशी गोंडच आहेत, तिच्या गावापासून दोन डोंगर पलीकडच्या. त्यांनी हातातला झारा खाली ठेवला.

"तुमाले खरंच नाई समजलं का बाई?"

"काय?"

"आमच्यात जितके देव, तेच कूळ; ज्याचे देव एक, ते भाऊबहीण. सहा देवाच्या पोराले सहा देवाची पोरगी करत नाईत. तुमी पुस्तकात छापून त्या पोरीच्या मायबापाले भाऊबहीण करून टाकलं. आन् ते तिच्या आजाच्या तोंडी घातलं. देवाचं राखते तो मानूस."

मी खोलीत जाऊन तिचा मूळ कागद काढला. 'देव एक असले त भाऊबहीण होते. लगन होत नाही.' स्वच्छ लिहिलेलं होतं. 'त'भोवती माझा लाल गोल होता. मी बाहेर मैदानात जाऊन नळाखाली डोकं धरलं. दुसरं काही सुचलं नाही.

सरांकडे गेले. म्हटलं, शुद्धिपत्रक छापू या, एक चिठ्ठी प्रत्येक प्रतीत चिकटवू, चूक शाळेची आहे असं लिहू. सर वाईट माणूस नाहीत. निवृत्तीला दीड वर्षं उरलेला माणूस आहे, म्हणजे कुठलाही कागद वर जाताना त्याचे पाय लटपटतात. त्यांनी पुस्तिका उघडून शेवटचं पान माझ्यासमोर ठेवलं.

"सही कुणाची आहे, बाई?"

"माझी."

"मशीननं चुकवलं म्हणून लिहिलंत, तर तुम्ही तपासलं नाही असं होतं. तपासलं म्हणाल, तर कळून छापलं असं होतं. दोन्हीकडून तुम्हीच. आणि प्रशस्तिपत्र? ते जबाबदार वापराचंच आहे ना?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमची बदलीची फाईल वर आहे. मेमध्ये निघेल. कशाला हात दाखवून अवलक्षण?"

माझी फाईल खरंच वर होती. चंद्रपूरला आई एकटी आहे, गुडघ्यांनी बसलेली. हे कारण आहे आणि ते खरं आहे. पण त्या दिवशी मला आईची आठवण फार सोयीच्या वेळी आली, हेही खरं आहे.

गावानं बैठक बोलावली आणि शाळेलाही निरोप आला. रविवारी सकाळी सर आणि मी मोटरसायकलवरून निघालो, शेवटचा चढ पायी. जाताना सरांनी सांगितलं, तुम्ही काही बोलू नका, मी बोलतो. मी बरं म्हटलं. खरं तर मी ठरवून आले होते की बोलायचं. मनात वाक्यसुद्धा तयार होतं: 'हे तिनं लिहिलेलं नाही, मी बदलून घेतलं.' सात-आठ शब्दांचं तर होतं.

मोहाच्या झाडाखाली लोक बसले होते, बाया एका बाजूला. तिचा आजा सगळ्यांच्या पुढे, खाली बघत. त्याच्या मागे तिचे वडील. त्यांनी मला नेहमीसारखे हात जोडले, आणि मला वाटलं होतं की ते शिव्या देतील. ती आईच्या शेजारी बसली होती, शाळेच्या गणवेशात. दुसरे धड कपडे नसावेत, किंवा शाळेची माणसं येणार म्हणून घातला असेल.

गावचे पाटील म्हातारे होते, अंगात बंडी, हातात काहीच नाही. आधी गोंडीत बोलले, मग आमच्यासाठी मराठीत. त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. त्या दोघांचं लग्न कसं झालं, हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा ते भाऊबहीण आहेत असं कुणीच म्हणत नाही. प्रश्न एवढाच आहे की हे बोललं कोण. बाहेरच्या माणसानं लिहिलं असेल, तर त्याला आपली रीत ठाऊक नाही, त्याचं बोलणं देवाला लागत नाही, आपण उठून घरी जाऊ. पण घरच्यानं म्हटलं असेल, तर घरानं आपल्या देवांना नाकारलं. मग त्याचं करावं लागेल ते करू.

म्हणजे माझ्या एका वाक्यावर सगळं संपत होतं. लोक उठून घरी जाणार होते, ती सोमवारी शाळेत येणार होती. पाटलांनी स्वतः दार उघडून दिलं होतं.

आधी त्यांनी आजाला विचारलं. आजा गोंडीत एवढंच बोलला की मी असं कधी म्हटलं नाही, आणि पुन्हा खाली बघू लागला. लोकांत कुजबुज झाली. मग पाटील माझ्याकडे वळले.

"बाई, पोरीनं जे लिवून देल्लं, तेच छापलं का?"

सर लगेच पुढे सरकले. "मुलींचंच लेखन आहे. शाळेनं फक्त शुद्धलेखन तपासलं."

"मी बाईले इचारलं," पाटील म्हणाले.

मी मान हलवली. हो की नाही, ते कुणालाच कळू नये अशी हलवली.  ते वाक्य तयार होतं, आणि त्याच्या मागे आई, फाईल, चौकशी, चंद्रपूरच्या त्या हॉलमधली सगळी माणसं, सगळं दाटीवाटीनं उभं होतं. मराठीची शिक्षिका, आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरींना 'मोठ्यानं बोल, स्पष्ट बोल' म्हणणारी, मूग गिळून बसली. पाटलांनी बराच वेळ वाट पाहिली. चौकशी कशी करतात ते मी त्या दिवशी पाहिलं. एकेकाला नाव घेऊन विचारलं, उत्तराला वेळ दिला, मधे बोलणाऱ्याला थांबवलं. त्यांना कुणी प्रशिक्षण दिलेलं नव्हतं.

सगळे आजाकडे बघायला लागले. माझी मान त्यांनी 'हो' धरली होती, आणि पोरीनं लिहिलं म्हणजे आजानंच सांगितलेलं. दोघांतला एक खोटा, आणि शाळेची बाई खोटं कशाला बोलेल?

तेव्हा ती उठली. आजाच्या पुढ्यात जमिनीवर हात टेकवला, शपथ घ्यावी तसा, आणि गोंडीत काहीतरी म्हणाली. मग माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाली, "मीच लिवलं. आजानं नाई सांगतलं. चांगलं दिसते म्हणून मीच लिवलं."

तिच्या आईनं तोंडाला पदर लावला. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही, काही विचारायचं असल्यासारखं. मी सरांच्या मागे झाले.

ठरलं ते असं. सणाला देवांपुढे घरानं चूक मान्य करायची आणि गावाला जेवण घालायचं. तोवर त्या घरी कुणी जेवणार नाही, आणि आजा या वर्षी पूजेला पुढे बसणार नाही. पाटलांनी हे सांगताना आजाच्या खांद्यावर हात ठेवला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं डोळ्यांदेखत होतं, आणि चोर तिथेच चहा घेत बसलेला असतो. आम्हाला खरंच चहा दिला. मी प्यायलेसुद्धा.

उतरताना सर म्हणाले, "मुलगी समजूतदार निघाली." मी त्यांना म्हटलं, "सर, आता एक शब्द बोलू नका." तेवढं शौर्य माझ्यात होतं, घाट उतरल्यावर.

ती आली नाही. दोन वेळा निरोप पाठवला. एप्रिलमध्ये मी एकटी गेले. मोह पडायचे दिवस होते, घराच्या अंगणात फुलं वाळत घातली होती आणि ती पायानं ती पसरवत होती. आई-वडील जंगलात गेले होते. आजा ओसरीवर पाठ करून बसला होता, त्यानं वळून पाहिलं नाही. तिनं मला बसायला खाट दिली, पाणी आणून दिलं. मी पाणी घेतलं तेव्हा आत कुठेतरी बरं वाटलं की या घरचं पाणी मी तरी घेतलं. मग त्या बरं वाटण्याचीच किळस आली.

"शाळेत ये," मी म्हटलं. "आता दहावीचं वर्ष येतंय. वडिलांशी मी बोलते."

"बाप नाई म्हणते जी. म्हणते, शाळेत जाऊन पोरीनं देव बदलवले. मामा म्हणे, पाह्य, म्या सांगतलं होतं."

"मी आजच पाटलांकडे जाते. खरं काय ते सांगते. पुस्तिकेतलं तू लिहिलेलं नाही, मी बदललं, म्हणून सांगते. तुझा कागद आणलाय मी, हा बघ."

मी पर्समधून कागद काढला. तिनं तो हातात घेतला नाही.

"आता नोका सांगू, बाई. मी आजासमोर भुईवर हात ठेवून मीच म्हणली. आता तुमी दुसरं सांगान, त मी देवापाशी खोटी होईन. ते याच्याहून वाईट आहे."

ती अगदी शांतपणे सांगत होती, मी एखादी कविता समजावून सांगावी तसं. पंधरा वर्षांची पोर. तिनं सगळा विचार करून ठेवला होता आणि मी दोन महिन्यांनी पर्समध्ये कागद घालून आले होते.

"मग तेव्हा काऊन म्हटलंस तसं?" माझ्या तोंडून 'का'च्या जागी 'काऊन' गेलं. तिच्या लक्षात आलं की नाही माहीत नाही. "मी बदललं, हे तुला माहीत होतं. माझं नाव घ्यायचं होतंस."

तिनं पायानं फुलं सारखी केली. वर बघितलं नाही.

"तुमाले त इचारलं होतं पाटलानं. तुमी बोलून नाई राह्यल्या. सगळे आजाकडे पाहून राह्यले होते." मग म्हणाली, "कोनाले त बोला लागत होतं, बाई."

मी तिथून कशी उतरले ते आठवत नाही. मेमध्ये माझी बदली आली नाही, पुढच्या वर्षी बघू म्हणाले. जूनमध्ये शाळा उघडली. बरेच दिवस न आलेल्या मुलींची नावं कमी करायचा एक फॉर्म असतो, वर्गशिक्षिकेनं भरायचा. मी तिचं नाव लिहिलं, इयत्ता लिहिली. पुढे कारणाचा रकाना होता. मी त्यात शुद्ध मराठीत 'कौटुंबिक अडचण' असं लिहिलं आणि खाली सही केली.